दोघांनी निघायचे म्हणजे

लांबच्या प्रवासाला एकट्याने निघाले की लोक त्याला धाडस म्हणतात आणि पाचपन्नास जण मिळून निघाले की यात्रा म्हणतात. पण नवराबायको दोघांनीच, पाठीवर पिशवी टाकून, पायी पायी हजारो किलोमीटर जायचे ठरवले तर त्याला काय म्हणावे? मराठी शिकवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग असूनही मला याला नेमका शब्द सापडलेला नाही. शेजारणींना मात्र तो ताबडतोब सापडला. “हे काय खूळ?” असे त्यांनी विचारले, आणि सध्या आमच्या घरी तोच शब्द रूढ झाला आहे.

तर आमचे हे खूळ म्हणजे नर्मदेची परिक्रमा. तिच्या काठच्या लोकांच्या तोंडी तो शब्द ‘परकम्मा’ असा येतो, आणि मला तोच अधिक गोड वाटतो. हल्ली मुंबई-पुण्याहून बसने परिक्रमा घडवून आणणाऱ्या सहली निघतात. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची वडीलधारी मंडळी तशी जाऊनही आली असतील. पायी जाण्याचे गणित निराळे. अमरकंटकापासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. एका काठाने जायचे आणि दुसऱ्या काठाने यायचे, म्हणजे हिशेबाने सव्वीसशे किलोमीटर झाले. प्रत्यक्षात वाट वळसे घेते, त्यामुळे पावले जास्तच पडतात. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र कुठेही ओलांडायचे नाही. पलीकडच्या तीरावर जायचे ते एकदा समुद्राच्या मुखाशी, भरतीची वेळ पाहून सुटणाऱ्या होडीतून, आणि दुसऱ्यांदा उगमाला वळसा घालून. चातुर्मासात चालायचे नाही, एका जागी राहायचे. असे सर्व नियम पाळणारे जुने लोक तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस घेत. आजचे पायी जाणारे बहुतेक चार ते सहा महिन्यांत ती पुरी करतात. रोजचे वीस किलोमीटर धरले तरी एकशेतीस दिवस झाले, आणि त्यात विसाव्याचा एकही दिवस धरलेला नाही.

आम्ही राहतो देऊळघाटला. बुलढाणा तालुक्यातले हे गाव. पैनगंगा उगम पावते ती आमच्याच बाजूच्या डोंगरांत. खाली पायनघाट आणि वर बालाघाट असा हा वऱ्हाडचा जुना दुमजली वाडा आहे, आणि आम्ही त्याच्या वरच्या मजल्यावर, कठड्याशी. रोज सकाळच्या एस.टी.ने मी बुलढाण्याला कॉलेजात जाते. हे घरची शेती पाहतात.

यांचे पहिले म्हणणे असे की, निघायचे तर घराच्या उंबरठ्यापासूनच पायी निघावे. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, तेथून बऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा आणि ओंकारेश्वर. दक्षिणेतून हिंदुस्थानात जाणारी फौज, व्यापारी आणि बैरागी यांची ही जुनीच वाट. बऱ्हाणपूरचे नाव निघाल्यावर मला मुमताजमहल आठवली. नवरा मोहिमेवर निघाला की ही बरोबर. अशाच दक्षिणेच्या मोहिमेत १६३१ साली बऱ्हाणपुरास चौदाव्या बाळंतपणात ती गेली. ताजमहाल सगळे जण पाहतात. त्या मुक्कामाला यायचे आहे का असे तिला कोणी विचारले होते की नाही, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. असो. यांचा उंबरठ्याचा हट्ट मी मोडला तो इतिहासाच्या आधाराने नव्हे, रजेच्या. घर ते ओंकारेश्वर हेच अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे परिक्रमेचा संकल्प सोडण्यापूर्वीच माझे बारा दिवस खर्ची पडायचे!

प्राध्यापकांना सुट्ट्या फार, असा एक लोकप्रिय समज आहे. सुट्ट्या असतात, पण कधी? मोठी सुट्टी ऐन उन्हाळ्यात, जेव्हा निमाडच्या उघड्या रस्त्यावर दहा वाजल्यानंतर गुरेसुद्धा सावली सोडीत नाहीत. दिवाळीची सुट्टी आहे. पण चातुर्मास सुटतो कार्तिकी एकादशीला, आणि ती उजाडेपर्यंत सुट्टी सरत आलेली असते. यांचे आणखी निराळे. सोयाबीन निघून हरभरा पेरला की थंडीभर पाण्याच्या पाळ्या. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते, तेव्हा बॅटरी घेऊन रात्रीच शेतात जावे लागते. म्हणजे निसर्गाने जे महिने चालण्यासाठी म्हणून राखून ठेवले आहेत, नेमके तेच महिने आमच्या दोघांच्या पोटापाण्याचे. त्यात घरी सासूबाई आहेत, वय ऐंशीला टेकलेले. मुलगी पुण्यात शिकते. तिची काळजी नाही, हल्ली तीच आमची करते.

या कोंडीतून वाट दाखवली ती एका चित्रकाराने. अमृतलाल वेगड हे जबलपूरचे. जन्म १९२८ चा. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, आणि पुढे जबलपुरात कलेचे शिक्षक. तेही नोकरदारच! पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, १९७७ साली, त्यांनी नर्मदेच्या काठाने चालायला सुरुवात केली. पण सलग नव्हे. सुट्टी मिळेल तेव्हा एक तुकडा चालायचा, घरी यायचे, रेखाटने करायची, लिहायचे, आणि पुढच्या खेपेला जेथे थांबलो त्याच जागेपासून पुन्हा पाऊल टाकायचे. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हे त्यांचे पुस्तक या तुकड्यातुकड्यांच्या चालण्यातूनच जन्मले. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पंचाहत्तरीच्या सुमारास ते पुन्हा नर्मदाकाठी निघाले, तेव्हा पत्नी कान्ताबाई त्यांच्याबरोबर चालत होत्या. त्या वयात, त्या रस्त्याने! २०१८ साली वेगड वारले. नर्मदेवर लिहिणारे पुष्कळ झाले, आपल्याकडे जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकाने तर कितीतरी मराठी माणसांना पिशवी उचलायला लावले. पण संसार आणि नोकरी सांभाळून कसे निघावे हे मी शिकले ते वेगडांकडून.

यांना हे पटवणे सोपे गेले नाही. तुकड्यांनी केलेली ती खंड परिक्रमा. कर्मठ माणसे तिला पुरी मानीत नाहीत, हे खरेच आहे. “परकम्मा काय हप्त्याहप्त्यानं करायची? मग लग्नही हप्त्यानंच करायला हवं होतं,” हे म्हणाले. मी म्हटले, “अहो, तेवीस वर्षे झाली, अजून हप्तेच तर चालू आहेत!” ते हसले; पण पटले असे काही दिसले नाही. आणि त्यांच्या न पटण्यामागे जे कारण होते ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. माझ्या सासऱ्यांना परिक्रमेला जायचे होते. सासूबाईंनाही. दरसाल कार्तिकात विषय निघे आणि दरसाल काही तरी आडवे येई: कधी पाऊस, कधी कर्ज, कधी नणंदेचे लग्न. एका वर्षी सासरेच गेले. तेव्हा यांना भीती अशी की, आपण तुकडे पाडले तर पहिला तुकडा होईल आणि बाकीचे राहतील.

अशा वेळी मला आठवत होती ती एक निराळीच जोडी. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई, म्हणजे पंडिता रमाबाईंचे आईवडील. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून या शास्त्रीबोवांना लोकांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले; तेथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे होते नव्हते ते गेले आणि सारे कुटुंब पायी तीर्थयात्रेला लागले. या क्षेत्रातून त्या क्षेत्रात, देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे, अशी वर्षांमागून वर्षे. दुष्काळाने गाठले तेव्हा १८७४ साली थोड्याथोडक्या अंतराने दोघेही गेले. पोरकी झालेली रमाबाई भावाबरोबर चालतच राहिली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. वर्गात हे सांगताना मुले रमाबाईंच्या विद्वत्तेने भारावून जातात, आणि तसे जावेही. माझे मन मात्र दर वेळी त्या नवराबायकोपाशी अडते. त्यांच्यापाशी विद्या होती, धैर्य होते, एकमेकांवर माया होती. मागे फिरायला घर तेवढे नव्हते.

आम्हाला ते आहे. म्हणून प्रश्न उभा राहिला तो असा की, आपण दीडशे कोसांवर असताना सासूबाईंना काही झाले तर काय? फिरायचे, की संकल्प सोडला म्हणून पुढेच चालायचे? हा विषय आम्ही दोघे त्यांच्यामागे, स्वयंपाकघरात, हळू आवाजात बोलत असू. त्यांना तो पुरता ऐकू येत होता. एके रात्री जेवताना त्याच म्हणाल्या, “जाच न बाप्पा. आमी नुसते ठरोतच रायलो.” मग यांच्याकडे पाहून, “मले काई झालं तं येऊ नको म्हनलं तरी तू येशीन, मले मालूम हाय. मंग आधीच ठरव न, येशीन म्हनून.”

त्या एका वाक्याने जे काम झाले ते माझ्या महिन्याभराच्या युक्तिवादाने झाले नव्हते. येणार म्हणून आधीच ठरवले की परत येणे ही परिक्रमेची मोडतोड राहत नाही. तो तिच्यातलाच एक मुक्काम होतो. हे काही न बोलता उठले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुकड्यांचे आकडे टाकायला घेतले.

त्यानंतरचे नियोजन सामानाचे. त्याबद्दल पुस्तके आहेत, अनुभवी माणसे आहेत. मी त्यात फारशी भर घालणार नाही. एकच सांगते. मराठी जोडपे प्रवासाला निघाले की पैसे आणि तिकिटे नवऱ्याच्या खिशात असतात. गोळ्या, चष्मा आणि किल्ल्या बायकोच्या पिशवीत. रेल्वेच्या डब्यात हे शोभून दिसते, पायवाटेवर नाही. वाट फुटली, एक डावीकडे गेला आणि एक उजवीकडे, की एकापाशी पैसा नाही आणि दुसऱ्याला रक्तदाबाची गोळी नाही! म्हणून आमच्या दोन पिशव्या अशा भरल्या आहेत की जणू दोन अनोळखी माणसे निघाली आहेत. प्रत्येकात स्वतःची औषधे, थोडे रोख पैसे, बॅटरी, आधार कार्ड, आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून. कारण मोबाईल झोपला की त्यातले नंबरही झोपतात. आणखी एक. दोघांपैकी कोणाचीही पिशवी दुसऱ्याला सबंध दिवस उचलता आली पाहिजे. एकाला ताप आला तर दोन्ही पिशव्या कोणाच्या पाठीवर जाणार?

सराव म्हणून आम्ही रविवारी पहाटे राजूर घाटाचा रस्ता धरतो. पहिल्याच रविवारी जे दिसले ते वाचकांपैकी प्रत्येक गृहिणीने आपल्या गल्लीत पाहिलेले आहे: नवरा दहा पावले पुढे, बायको दहा पावले मागे, आणि दर वळणावर त्याचे थांबून मागे पाहणे. यात त्याला वाटते मी वाट पाहतो, तिला वाटते मला कोणी हाकलते आहे. शिवाय मौज अशी की, तो थांबून विसावा घेतो आणि ती पोहोचताच पुन्हा चालू लागतो. म्हणजे विसावा मिळतो तो ज्याला त्याची गरज नाही त्याला. आपल्याच जिल्ह्यातल्या शेगावची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. तिथे एवढी माणसे एका ठेक्यात चालतात ती काही सगळी सारख्या ताकदीची नसतात. आमचा नियम आता असा आहे की, हळू चालणाऱ्याने पुढे राहायचे. सपाटीवर मी पुढे असते. घाटाच्या उतारावर यांचा डावा गुडघा बोलू लागतो, तेव्हा हे पुढे. पंधरा दिवसांत यांच्या लक्षात आले की बायकोच्या पाठीमागून चालण्यात गप्पा जास्त होतात.

सर्वांत कठीण नियम ठरला तो थांबण्याचा. ‘आज पुढे नको’ असे कोणी म्हणायचे? संसारात हे कधी स्पष्ट ठरत नाही. एक जण ओढत नेतो, दुसरा ओढला जातो, आणि वर्षांनी कुठल्या तरी भांडणात त्याचा हिशेब निघतो. रस्त्यावर एवढी उधारी परवडत नाही. तेव्हा ठरले ते असे: दोघांपैकी कोणाही एकाने थांबू म्हटले की थांबायचे. कारण विचारायचे नाही, ‘एवढ्यात दमलीस?’ म्हणायचे नाही, त्या दिवशी त्यावर बोलायचेच नाही. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर. आणि एकाला घरी परतावे लागले तर दुसऱ्याने एकट्याने पुढे जायचे नाही. या शेवटच्या कलमावर आमचे आठ दिवस गेले. यांचे म्हणणे, “माझ्या गुडघ्यापायी तुझं का अडावं? तू जा.” वास्तविक हे उदारपणाचेच बोलणे, पण मला विचाराल तर दोघांच्या प्रवासात असला उदारपणा फार महाग पडतो. जो घरी परततो तो आयुष्यभर अर्धवट परतलेला राहतो आणि जो पुढे जातो तो अपराध्यासारखा चालतो. शेवटी ते कलम मी म्हटले तसे लिहिले गेले.

काही गोष्टी पुरुषांनी लिहिलेल्या वर्णनांत हाती लागत नाहीत. आश्रमांत आणि धर्मशाळांत झोपायला पुष्कळदा एकच मोठी खोली असते; अंघोळीला आडोसा कुठे असतो, कुठे नसतो. महिन्यातले ते चार दिवस मी पहिल्यापासूनच विसाव्याचे म्हणून धरले आहेत. त्याविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. पाठीवर ओझे आणि पोटात कळ घेऊन वीस किलोमीटर चालण्यात पुण्य आहे असे मला वाटत नाही. रस्त्यात बाईला ‘माताराम’ आणि पुरुषाला ‘बाबाजी’ म्हणून हाक मारतात. म्हणजे ओंकारेश्वर सोडले की मी यांची बायको उरत नाही आणि हे माझे नवरे उरत नाहीत. ओळखीचा दाखलाही तेथे ज्याचा त्याचाच घेतात आणि मुक्कामामुक्कामाला त्यावर शिक्का मिळतो. रेशनकार्डासारखा कुटुंबाचा एक चालत नाही. मला ही व्यवस्था आवडली. यांना जड जाणार आहे ते निराळेच. नर्मदाकाठी परिक्रमावासीला सदावर्त मिळते, कुठे तयार जेवण, कुठे शिधा. ज्या माणसाने घरी आलेल्याला जेवल्यावाचून कधी जाऊ दिले नाही, त्याने परक्या दारी ‘नर्मदे हर’ म्हणून उभे राहायचे! शेतकरी देऊ शकतो, त्याला घेता येत नाही. सरावाला म्हणून शेजाऱ्याकडे मीठ मागायला पाठवले, तर हे जाताना वाटीभर तूर डाळ घेऊन गेले.

राहता राहिली वाट. ती जुन्या पुस्तकांवरून मुळीच आखू नये. नेहरूंनी १९६१ साली पायाभरणी केलेल्या सरदार सरोवराचे लोकार्पण २०१७ साली झाले; धरणाची उंची आता १३८.६८ मीटर आहे, आणि शूलपाणीच्या झाडीतल्या काठाकाठाच्या जुन्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या आहेत. तिकडे जबलपूरच्या वर बरगीचे धरण, इकडे इंदिरा सागर. इंदिरा सागरासाठी २००४ साली हरसूद हे आख्खे शहर उठले. तेव्हा कुठे नदीला सोडून डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि दिवसचे दिवस ती दिसतही नाही. उजव्या हाताला आहे, एवढ्या विश्वासावर चालायचे. ज्यांचे गाव त्या पाण्याखाली गेले त्यांना तर तेवढाही वळसा घेऊन घरी जाता येत नाही. आमच्या गैरसोयीची तक्रार मी यापुढे करणार नाही.

आमचा पहिला तुकडा ओंकारेश्वर ते प्रकाशा. दक्षिण काठाने बडवानीपर्यंत, आणि तेथून सातपुडा ओलांडून महाराष्ट्रात. सरोवरामुळे हल्ली पुष्कळ परिक्रमावासी याच बाजूने येतात, आणि नर्मदेची परिक्रमा करता करता तापीच्या काठी प्रकाशाला पोहोचतात. तेथे तापीला गोमाई मिळते. पण यांच्या डोक्यात दुसरेच आहे. राजूर घाटाच्या उताराला पडलेला पाऊस नळगंगेतून पूर्णेत आणि पूर्णेतून तापीत जातो. त्याच कठड्याच्या आमच्या बाजूला पडलेला पैनगंगेतून पूर्वसमुद्राकडे. तेव्हा प्रकाशाला तापीत घरच्या अंगणापासून हाकेवर पडलेले पाणी भेटणार, असा यांचा हिशेब आहे. चौदा-पंधरा दिवसांचे चालणे, कार्तिकीनंतर. परतीला शहाद्याहून एस.टी. मिळते.

माझा रजेचा अर्ज गेला आहे. हरभऱ्याच्या पाण्याचे यांनी पुतण्याशी बोलून घेतले. रात्री सासूबाईंच्या सोबतीला धाकटी नणंद येऊन राहील. मुलीने दोघांच्याही मोबाईलमध्ये काहीतरी बसवून दिले आहे, त्यामुळे आम्ही कुठे आहोत ते तिला पुण्यात बसून दिसणार म्हणे. पायात काय घालायचे ते मात्र अजून ठरत नाही. मी बूट घेतले आहेत आणि रोज घालून मऊ करते आहे. हे चपलांवर अडून बसले आहेत.